टाकी मोठी केली, तरी नळाचा दाब का वाढला नाही?

शेंगाचटणी
आमचे घर जुळे सोलापुरात आहे, तळमजला आणि वर एक मजला. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नसल्यामुळे साठवण मोठी ठेवावी लागते, हे येथील सर्वांना ठाऊक आहेच. गच्चीवर १,००० लिटरची टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली होती. वरच्या न्हाणीघरात शॉवरची धार अगदी मंद पडायची, आणि टाकी अर्ध्याच्या खाली गेली की गॅस गीझर पेटायचाच नाही. तळमजल्यावर मात्र त्याच टाकीचे पाणी जोरात येते. नळकाम करणाऱ्या कारागिराने सुचवले की टाकी मोठी घ्या, पाण्याचे वजन वाढले की दाब आपोआप वाढेल. त्याप्रमाणे गेल्या महिन्यात २,००० लिटरची टाकी बसवली. दोन्ही टाक्यांची उंची सारखीच आहे, १.२ मीटर, नवी फक्त पसरट आहे. आता टाकी काठोकाठ भरलेली असताना पाहिले, तर धारेत तसूभरही फरक नाही.

मुलगी आठवीत आहे. तिने वही पुढे केली आणि म्हणाली, "बाबा, सूत्रात द्रवाची उंची आहे, घनता आहे आणि गुरुत्वत्वरण आहे. टाकीची रुंदी कुठेच नाही." सूत्र मला मान्य आहे, पण मन मानत नाही. एक हजार किलो पाणी जास्तीचे चढवले, ते वजन दाबात दिसत नसेल तर गेले कुठे? कृपया जाणकारांनी समजावून सांगावे.

हुरडापार्टी
आमच्याकडेही अगदी हेच झाले होते. उत्तराची वाट पाहते.

निवृत्त_मास्तर
शेंगाचटणी, आपल्या मुलीचे विशेष कौतुक वाटले. सूत्र पाठ करणारी मुले पुष्कळ असतात, पण सूत्रात काय नाही हे पाहणारी थोडी.

जास्तीचे एक हजार किलो कुठे गेले, याचे उत्तर असे की ते आपल्या स्लॅबने उचलले. टाकीचा तळ मोठा झाला, त्यामुळे वजन दुप्पट झाले तसे क्षेत्रफळही दुप्पट झाले, आणि दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल असल्यामुळे भागाकार जिथल्या तिथे राहिला. नळाच्या तोंडाला फक्त त्याच्या डोक्यावरचा पाण्याचा स्तंभ जाणवतो. शेजारचे पाणी कितीही असो, त्याचा भार तळ पेलतो.

ही गोष्ट मनाला पटत नाही यात आपला दोष नाही. फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्ये हे मांडले, तेव्हापासून हा विरोधाभास म्हणूनच ओळखला जातो. आपल्या उजनीचे उदाहरण घ्या. धरणाच्या मागे पाणी किती किलोमीटर पसरले आहे याच्याशी भिंतीवर पडणाऱ्या दाबाचा संबंध नाही. भिंतीजवळ पाणी ४० मीटर खोल असेल, तर तळाशी दर चौरस सेंटीमीटरवर ४ किलोग्रॅम इतका भार पडेल, मग मागे जलाशय असो की ४० मीटर खोल अरुंद आड असो. दर १० मीटर खोलीला १ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर, एवढे ढोबळ माप लक्षात ठेवले तरी पुरते. धरणाचा पाया रुंद आणि माथा अरुंद असण्याचे एक मोठे कारण हेच आहे की पाण्याचा रेटा खाली जावे तसा वाढत जातो.

आता आपले घर. शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत उभे अंतर किती आहे, हे कृपया मोजून सांगावे.

शेंगाचटणी
मास्तर, मोजले. शॉवरच्या तोंडापासून टाकीच्या तळापर्यंत बरोबर १ मीटर भरते.

निवृत्त_मास्तर
म्हणजे टाकी भरलेली असताना एकूण उंची २.२ मीटर, आणि दाब ०.२२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर. टाकी अर्धी झाली की उंची १.६ मीटर उरते. तळमजल्याचा शॉवर आणखी ३ मीटर खाली धरला तर तेथे ५.२ मीटर मिळतात, म्हणजे वरच्या मजल्याच्या दुपटीहून अधिक. आपल्या गीझरमध्ये पाण्याच्या जोराने हलणारा एक पडदा असतो आणि तो पुरेसा हलला तरच गॅस उघडतो. आपल्याकडे तो २.२ मीटरवर हलतो आणि १.६ मीटरच्या खाली हलत नाही.

नळजोडणी
मी वीस वर्षे हेच काम करतो, म्हणून कारागिराच्या बाजूने दोन शब्द लिहितो. त्याने दिलेले कारण चुकीचे आहे, पण सल्ला पूर्णपणे वाया गेलेला नाही. जुनी टाकी अरुंद होती. तिच्यातून ५०० लिटर पाणी वापरले की पातळी सुमारे ५८ सेंटीमीटर खाली जात होती, म्हणजे टाकी जवळपास अर्धी होऊन गीझर बंद पडण्याची वेळ यायची. नव्या टाकीचा व्यास दीड मीटरच्या आसपास असणार. तिच्यातून तेवढेच पाणी गेले तर पातळी २८ सेंटीमीटर उतरते. दाब वाढला नाही हे खरे, परंतु तो आता लवकर घटणार नाही.

दुसरे असे की दाब आणि धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळ बंद असताना पाइप अर्ध्या इंचाचा असो की दोन इंचांचा, दाब सारखाच असतो. नळ उघडून पाणी वाहू लागले की पाइपच्या भिंतीशी घर्षण सुरू होते आणि अरुंद पाइपमध्ये ते फार असते. गच्चीपासून अर्ध्या इंचाची लाइन आणि तिला पाच-सहा कोपरे, अशी जोडणी मी कित्येक घरांत पाहिली आहे. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार शॉवरच्या छिद्रांत साचतात. टाकीला हात लावण्यापूर्वी शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावा आणि लाइनला हवेचा उभा पाइप आहे की नाही हे पाहावे. लाइनमध्ये हवा अडकली असेल तर टाकी भरलेली असूनही थेंबथेंबच पाणी येते.

शेंगाचटणी
नळजोडणीदादा, शॉवर काढून पाहिला. निम्मी छिद्रे पांढरी झालेली होती. साफ केल्यावर फरक पडला, परंतु गीझरची अडचण तशीच आहे. हवेचा पाइप लावलेला आहे.

काळीमाती
विषय टाकीचा निघालाच आहे, तर आमच्याकडे मोहोळ तालुक्यात गेल्या वर्षी घडलेले सांगतो. शेतात ठिबकसाठी २,००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी जमिनीत पुरायची होती. खड्डा घेतला, टाकी उतरवली, कडेने काळी माती सैलसर लोटली, आणि पाणी दुसऱ्या दिवशी भरू असे ठरवून घरी आलो. रात्री परतीचा पाऊस झाला. सकाळी जाऊन पाहतो तर टाकी खड्ड्यातून हातभर वर आलेली, एका अंगाला कललेली आणि जोडलेला पाइप मुळापासून तुटलेला. आई म्हणाली की जमिनीने टाकी परत दिली. चार माणसांनी उचलून ठेवलेली वस्तू पाण्याने एका रात्रीत वर कशी काढली, याचे मला आजही नवल वाटते. मास्तरांनी हिशेब करून दाखवावा.

निवृत्त_मास्तर
काळीमाती, आपला आणि शेंगाचटणी यांचा प्रश्न एकच आहे, म्हणून हा विषय याच धाग्यात यायला हवा होता.

पाण्यात बुडालेल्या वस्तूच्या वरच्या पृष्ठभागावर पाणी खाली दाबते आणि खालच्या पृष्ठभागावर वर दाबते. खालचा पृष्ठभाग अधिक खोल असल्यामुळे तेथील दाब अधिक असतो. या दोहोंतील फरक म्हणजेच प्लावक बल. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगितलेले तत्त्व, की वस्तूने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते, हे उंचीनुसार वाढणाऱ्या दाबातूनच निघते. ते वेगळे काही नाही.

आता हिशेब. दीड मीटर व्यासाच्या टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे १.७७ चौरस मीटर होते. रिकाम्या टाकीचे वजन ६० किलो धरू. तिला उचलण्यासाठी ६० लिटर पाणी बाजूला सारले जाणे पुरेसे आहे. ६० लिटर पाणी एवढ्या तळाखाली पसरले, तर त्याची उंची साडेतीन सेंटीमीटरसुद्धा होत नाही. म्हणजे आपल्या खड्ड्यात चार बोटे पाणी साचले तेव्हाच टाकी जागची हलली असणार, आणि आपण तेव्हा झोपेत होता. खड्डा पूर्ण भरला असता तर दोन टनांच्या जवळपास बल वर ढकलत राहिले असते.

बांधकाम_सल्ला
मास्तरांच्या हिशेबात एक अट अध्याहृत आहे, ती स्पष्ट करावीशी वाटते. पाणी तळाच्या खाली शिरले पाहिजे. टाकी सपाट काँक्रीटवर घट्ट बसली असेल आणि खाली पाण्याला वाटच नसेल, तर वरचे पाणी तिला उलट खाली दाबेल. व्यवहारात मात्र अशी घट्ट बैठक जवळजवळ कधीच मिळत नाही, पाणी केसाएवढ्या फटीतून शिरते आणि तेवढ्याने पूर्ण दाब तळाखाली पोहोचतो. धरणांच्या पायातही पाणी झिरपून वर रेटा देते आणि तो धरूनच भिंतीचे वजन ठरवावे लागते.

हुरडापार्टी
पण कडेने माती लोटली होती ना? मातीने टाकीला धरून ठेवायला हवे होते.

काळीमाती
ताई, माती कोरडी असती तर धरले असते. काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो, आणि सैल लोटलेली माती पावसात रबरबीत चिखल होते.

निवृत्त_मास्तर
चिखल पाण्याहून जड असतो, ही बाबही येथे महत्त्वाची आहे. त्याची घनता पाण्याच्या दीडपट धरली, तर तेवढ्याच खोलीला तो दीडपट बलाने वर ढकलतो. जी माती टाकीला धरून ठेवील असे आपण समजत होतो, तीच पातळ झाल्यावर टाकीला अधिक जोराने बाहेर काढते. उपाय सोपा आहे. टाकी खड्ड्यात ठेवताच तिच्यात पाणी भरत जावे आणि बाहेरची माती थराथराने चोपत आणावी. आतले पाणी बाहेरच्या पाण्याला तोलून धरते.

भीमाकाठ
मी पंढरपूरचा. आमच्याकडे चंद्रभागेला पाणी असले की होड्या चालतात. होडीवाले काका माणसे मोजत नाहीत, होडीच्या कडेवरचा रंगाचा पट्टा पाहतात. दहा माणसे चढली की सुमारे ६०० किलो वजन वाढते, म्हणजे होडीला आणखी ६०० लिटर पाणी सारावे लागते. होडीचा पसारा १० चौरस मीटर असेल तर ती ६ सेंटीमीटर खाली बसते.

माझी एक शंका आहे. लहानपणी आम्ही विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो. तेव्हा मोठी माणसे सांगत की पाणी खोल असेल तर ते माणसाला जास्त उचलते, उथळ पाण्यात माणूस बुडतो. हे खरे आहे का?

निवृत्त_मास्तर
हे खरे नाही, आणि असा समज जिवावर बेतू शकतो. खोली वाढली की आपल्या खालच्या बाजूचा दाब वाढतो तसा वरच्या बाजूचाही वाढतो. फरक तेवढाच राहतो. पाच फूट पाणी आणि पन्नास फूट पाणी माणसाला सारखेच उचलते. पाण्यात मीठ असेल तर मात्र उचल वाढते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी अधिक असते, आणि मृत समुद्रात ती पाण्याच्या सुमारे १.२४ पट असल्यामुळे तेथे माणूस ठरवूनही सहजासहजी बुडी मारू शकत नाही.

उलट खोल गेल्यावर उचल कमी होते. दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो आणि छातीतील हवा निम्म्या जागेत आवळली जाते, त्यामुळे शरीर कमी पाणी सारते. विहिरीच्या तळाचा तांब्या काढायला सूर मारणाऱ्यांना दहा-बारा फुटांवर कान दुखू लागतात, ते याच दाबाने. भोपळा मात्र चोख काम करतो. तो ५ लिटर पाणी सारत असेल आणि स्वतः अर्धा किलो वजनाचा असेल, तर साडेचार किलोची उचल शिकणाऱ्याला मिळते. डोके पाण्याबाहेर ठेवायला ती पुरते.

रात्रपाळी
मी रुग्णालयात परिचारिका आहे. सलाइनची बाटली उंच टांगण्यामागे हेच सूत्र आहे. एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर स्तंभाएवढा असतो, आणि शिरेतील दाब त्यापेक्षा पुष्कळच कमी असतो, म्हणून सलाइन आत जाते. नातेवाईक रुग्णाला न्हाणीघरात नेताना बाटली हातात खाली धरतात, तेव्हा नळीत रक्त उलटे चढते आणि सगळे घाबरतात. अशा वेळी बाटली पुन्हा वर धरावी आणि लगेच परिचारिकेला बोलवावे.

रक्तदाब मोजताना हात छातीच्या पातळीवर ठेवायला सांगतात, त्याचेही कारण तेच आहे. हात १० सेंटीमीटर खाली लोंबकळत असेल तर आकडा सात-आठने जास्त दिसतो. माणूस तोच, हृदय तेच, आणि गोळी मात्र वाढवली जाण्याची शक्यता असते. घरी यंत्र असणाऱ्यांनी हे नक्की सांभाळावे.

रंगखाना
दाबावर बरेच लिहून झाले, घनतेवर थोडे मी लिहितो. आमचे काम चादरी आणि टॉवेलच्या सुताच्या रंगाईचे आहे. कॉस्टिक सोड्याचे द्रावण किती तीव्र आहे हे आम्ही तरंगत्या काचेच्या नळीने पाहतो. नळी बुडाशी जड आणि वर बारीक असते. द्रावण घट्ट असेल तर ती वर राहते, पातळ असेल तर खाली जाते. आमच्याकडे हे माप ट्वाडल अंशांत चालते, घनता १.१० असेल तर २० अंश, १.२० असेल तर ४० अंश. साखर कारखान्यात उसाच्या रसाचे ब्रिक्स, म्हणजे साखरेचे प्रमाण, याच जातीच्या नळीने पाहत आले आहेत, आणि मोटारीच्या बॅटरीतील आम्लही याच तत्त्वावर तपासतात. वडील मला सांगत की नळी वाचताना डोळा द्रावणाच्या पातळीला आणावा, आणि द्रावण गरम असताना आकडा लिहू नये. गरम द्रव फुगतो, त्याची घनता कमी दिसते, आणि मग कॉस्टिक उगाच जास्त पडून सूत खराब होते.

हुरडापार्टी
मग दूधवाल्याकडचा लॅक्टोमीटर म्हणजे हेच का? त्याने दूध शुद्ध आहे हे खात्रीने कळते का?

रंगखाना
ताई, यंत्र तेच आहे, पण खात्री देता येणार नाही. गाईच्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३० असते. पाणी घातले की ती उतरते. परंतु साय पाण्याहून हलकी असल्यामुळे ती काढून घेतली की उरलेल्या दुधाची घनता वाढते. साय काढली आणि मग बेताने पाणी घातले, तर नळी पुन्हा मूळ आकड्यावर येऊन उभी राहते. म्हणूनच संकलन केंद्रावर घनतेबरोबर स्निग्धांशही मोजतात.

काळीमाती
अजून एक विचारून घेतो. आमच्या जुन्या विहिरीचे पाणी ३५ फुटांवर गेले की वर ठेवलेली मोटार पाणी ओढत नाही. फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) बदलला, मोटार तीनची पाच अश्वशक्तीची केली, तरीही तेच.

नळजोडणी
मोटार पन्नास अश्वशक्तीची केली तरी ती ओढणार नाही. मोटार पाणी ओढत नाही, ती फक्त पाइपातील हवेचा दाब कमी करते, आणि पाणी वर चढवते ते विहिरीवरच्या हवेचे वजन. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली यांनी सतराव्या शतकात पाऱ्याची नळी उलटी करून दाखवले की हवा पाऱ्याचा ७६ सेंटीमीटर स्तंभच तोलू शकते. पाणी पाऱ्याच्या साडेतेरा पटींहून थोडे अधिक हलके, म्हणून पाण्याची मर्यादा सुमारे १०.३ मीटर. आपला जिल्हा समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच असल्यामुळे आपल्याकडे ती पावणेदहा मीटरच्या आसपास, म्हणजे ३२ फूट राहते, आणि प्रत्यक्षात २२ ते २५ फुटांच्या पुढे भरवसा धरू नये. म्हणूनच पूर्वी विहिरीत निम्म्यावर कट्टा बांधून मोटार खाली उतरवत असत. पाणबुडी मोटार पाण्यात बसून खालून ढकलते, तिला ही मर्यादा नाही. आपण तीच बसवावी.

बांधकाम_सल्ला
शेंगाचटणी, मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याला टाकी उंच करावी लागेल, परंतु सांभाळून. भरलेल्या टाकीचे २,००० किलो आज सुमारे १७,६०० चौरस सेंटीमीटर तळावर पसरलेले आहेत, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ०.११ किलो. हीच टाकी चार पायांच्या लोखंडी घोडीवर ठेवली आणि प्रत्येक पायाखाली १० बाय १० सेंटीमीटरची पट्टी असली, तर तोच आकडा ५ किलो होतो, जवळपास ४४ पट. स्लॅबच्या मध्यावर असे पाय कधीही देऊ नयेत. खाली कॉलम आणि बीम कुठे आहेत हे पाहून पाय त्यांच्याच डोक्यावर आणावेत, आणि त्यापूर्वी एखाद्या अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवावे.

निवृत्त_मास्तर
घोडी दीड मीटरची केल्यास भरलेल्या टाकीची उंची २.२ ऐवजी ३.७ मीटर होईल. धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून धार सुमारे १.३ पट होईल, १.७ पट होईल अशी अपेक्षा ठेवू नये. सध्या एक बादली भरायला किती वेळ लागतो, हे मुलीला आजच मोजून ठेवायला सांगावे.

शेंगाचटणी
टाकी भरलेली असताना १५ लिटरची बादली ३ मिनिटे १० सेकंदांत भरली. मुलीने तीन वेळा मोजले आणि वहीत लिहिले. मास्तरांच्या सूत्राने तिने घोडीनंतरची वेळ काढली, ती २ मिनिटे २६ सेकंद येते. हे उत्तर तिने कागदावर लिहून देवघरात ठेवले आहे, म्हणजे मागाहून कोणी बदलू नये.

शेंगाचटणी
पंधरा दिवसांनी लिहीत आहे, उशीर झाला याबद्दल क्षमस्व. अभियंत्यांनी येऊन कॉलमच्या जागा दाखवल्या, घोडीचे पाय त्यांवरच घेतले आणि काल टाकी वर चढवली. आज सकाळी पाणी काठोकाठ भरल्यावर तीच बादली, तोच नळ, तेच घड्याळ. २ मिनिटे ३१ सेकंद. पाच सेकंद कुठे गेले म्हणून मुलगी आता पाइपचे कोपरे मोजत बसली आहे. घोडीमुळे लाइनला दोन नवे कोपरे आले आहेत.

गीझरचेही लिहितो. आता टाकी पूर्ण उतरली, तरी तळापासून शॉवरपर्यंत अडीच मीटर उरतात, आणि पूर्वी भरलेल्या टाकीलाही २.२ मीटरच मिळत होते. आज संध्याकाळी मुद्दाम पाणी वीतभर राहीपर्यंत थांबलो आणि नळ सोडला. गीझर पहिल्या झटक्यात पेटला.